मोबाइल, मान आणि हालचाल

मुद्रितशोधनाचे काम लॅपटॉपवर आणि उरलेले सगळे वाचन मोबाइलवर, असा माझा दिनक्रम झाल्यापासून मानेच्या उजव्या बाजूने निघून पाठीच्या फऱ्यापर्यंत, म्हणजे खांद्यामागच्या चपट्या हाडापर्यंत, जाणारी एक कळ मला छळत होती. ज्याच्याकडे विषय काढावा तो आधी वाकलेल्या मानेला दोष देई. मोबाइलवर फिरणारी आकडेवारीही तेच सांगत असे. न्यूयॉर्कमधील मणक्यांचे शल्यचिकित्सक केनेथ हंसराज यांनी २०१४ साली मांडलेल्या गणितानुसार, ताठ मानेवर डोक्याचा भार साधारण ५ किलो असतो, मान ३० अंश झुकली की तो १८ किलो आणि ६० अंशांवर २७ किलो होतो.

हे आकडे संगणकावर केलेल्या गणिताचे आहेत, माणसांच्या मानेत मोजलेले नाहीत, ही गोष्ट मात्र फारसे कोणी सांगत नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, रिओ दि जानेरोतील १५० तरुणांच्या पाहणीत तर मोबाइल पाहताना मान वाकवण्याचा आणि मानदुखीचा संबंध आढळला नाही. म्हणून वाकणे निर्धोक ठरते असे मी म्हणणार नाही. पण माझ्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी मान किती वाकते हे न विचारता, ‘सलग किती वेळ हलत नाही?’ असे विचारले, तेव्हा मला माझ्या दुखण्याचे कारण प्रथमच नीट उमगले. फऱ्याच्या वरच्या कोपऱ्यापासून मानेच्या वरच्या चार मणक्यांपर्यंत जाणारा स्नायू, डोके पुढे झुकलेले असताना, ते सावरून धरण्यासाठी सतत थोडा आवळलेला राहतो. हे आवळणे सौम्य असले तरी त्यात खंड पडत नाही, आणि स्नायू थकतो तो त्यामुळेच.

तेव्हापासून मी अर्ध्या तासाने उठतो, हनुवटी सरळ मागे ओढून काही क्षण धरतो, दोन्ही फरे एकमेकांकडे खेचतो. लॅपटॉपखाली जाड पुस्तके ठेवून कळफलक वेगळा घेतला आहे. मोबाइल हातात असताना कोपरांखाली उशी घेतो, म्हणजे हाताचा भार खांद्यांवर येत नाही. मानेची ताकद वाढवणारे व्यायाम मात्र कित्येक आठवडे नेटाने करावे लागले, तेव्हा कुठे फरक जाणवला.

दोन गोष्टींबद्दल मला मनापासून काळजी वाटते. केस कापून झाल्यावर सलूनमध्ये मान कडाकडा मोडून घेण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे; अशा झटक्याने मानेतून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटू शकते, हे ध्यानात घेऊन ती कृपया थांबवावी. दुसरी गोष्ट म्हणजे, हाताला मुंग्या येणे, पकड सैल होणे, सदऱ्याची बटणे लावता न येणे, चालताना तोल जाणे किंवा लघवीवरचा ताबा सुटणे यांपैकी काहीही दिसले, तर मलम आणि शेक यांत दिवस न घालवता त्वरित डॉक्टरांना दाखवावे, कारण तेव्हा प्रश्न स्नायूंचा उरलेला नसून नसांवर किंवा मज्जारज्जूवर दाब येत असण्याची शक्यता असते.