गव्हाणी घुबडाची पिल्लं सोडताना : आमची पद्धत

गव्हाणी घुबडाचं पिल्लू खाली पडलेलं सापडलं, तर आम्ही आधी घरटं शोधून ते परत वर ठेवतो. या जातीचे आईबाप जमिनीवरच्या पिल्लाला सहसा भरवत नाहीत. पिंगळ्याचं तसं नाही, त्याला जवळच्या फांदीवर ठेवलं तरी भागतं. इमारतीच्या डागडुजीत घरटंच गेलं असेल, तर मात्र वनखात्याला कळवून (हेल्पलाइन १९२६) केंद्रात वाढवावं लागतं.

भावंडं एकत्रच ठेवायची. एकटं वाढलेलं पिल्लू माणसाला आपलं समजू लागतं. खायला अख्खा उंदीर, केसा-हाडांसकट. नुसतं कोंबडीचं मांस दिलं की कॅल्शियम कमी पडतं आणि हाडं वाकतात. चोचीत दूध-पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जातं.

पिल्लं साधारण सात आठवड्यांची झाली की शेताकडेच्या गोठ्यावर किंवा झाडावर, चारेक मीटर उंचीवर लाकडी पेटी बसवतो. मोठ्या रस्त्यापासून लांब, आणि आसपासच्या शेतांत उंदरांचं विष टाकत नाहीत याची खात्री करून. विष खाल्लेला उंदीर घुबडालाही मारतो. दोन आठवडे पेटीला जाळी. खाणं अंधार पडल्यावर, आपण दिसणार नाही असं आत सरकवायचं. मग कोरड्या हवेच्या संध्याकाळी जाळी हळूच काढायची. पावसात नको, यांची मऊ पिसं लगेच भिजतात आणि उडणं जड जातं.

बहुतेक घोळ यानंतर होतात. पिल्लं उडाली म्हणून खाणं बंद केलं जातं! उडता येणं आणि शिकार येणं यांत काही आठवड्यांचं अंतर असतं. रानात या काळात आईबाप उंदीर आणत राहतात, शिकवणी घेत नाहीत. पिल्लू वाळक्या पानांवर, किड्यांवर झडप घालत स्वतःच शिकतं. म्हणून आम्हीही महिनाभर तरी रोज पेटीवर प्रत्येकी तीन-चार मेलेले उंदीर ठेवतो. एखाद्या रात्री ते तसेच राहिले तरी लगेच थांबवत नाही.

शिकार जमली का, हे पेटीखालच्या पेलेटवरून कळतं, म्हणजे न पचलेल्या केसा-हाडांची घुबड जी गोळी ओकतं तिच्यावरून. आमचे उंदीर पांढरे. पेलेटमध्ये करडे केस सलग दिसू लागले की खाणं एक दिवसाआड करतो, मग बंद.

दिवाळीच्या तोंडावर शक्यतो सोडत नाही आणि जागेचा फोटो कुठेच टाकत नाही. लक्ष्मीपूजनाच्या नावाखाली घुबडं पकडणारे अजून आहेत.