तिरपं केलं म्हणजे इटॅलिक झालं?

इंग्रजी अक्षरांचा स्वतःचा इटॅलिक टाइप (छपाईसाठी तिरपी, हाताने लिहिल्यासारखी अक्षरं) काढायचं ठरवलं तेव्हा वाटलं होतं, काम सोपं आहे. सरळ सेरिफ अक्षरं (सेरिफ म्हणजे रेषांच्या टोकांना असलेले छोटे पाय) आधीच तयार होती. ती सॉफ्टवेअरमध्ये 12 अंश तिरपी केली की झालं. केली. गोल अक्षरं पिळल्यासारखी दिसायला लागली, 'ओ'ची जाडी भलत्याच जागी सरकली. कॅलिग्राफी करणाऱ्या मैत्रिणीने एक नजर टाकली आणि म्हणाली, "अरे, हे नुसतं वाकलंय. चालत नाहीये." (देवनागरी मजकूर बटण दाबून तिरपा केला की होतं तेच.)

मग तिने संगणक बंद करायला लावला. 2 मिलिमीटरचं चपटं निब, 45 अंशांत धरलेलं. लहान अक्षराची उंची निबच्या पाचपट, म्हणजे 10 मिलिमीटर. आठवडाभर फक्त 'एन' गिरवला. सरळ टाइपात 'एन'ची कमान दांडीच्या वरच्या टोकाजवळ फुटते. इटॅलिकमध्ये हात खाली येतो, न उचलता त्याच दांडीवरून वर चढतो आणि मध्येच कुठेतरी बाहेर पडतो. तिथे एक टोकदार फट राहते. सगळी गंमत त्या फटीत आहे. ती जमली की 'एम' आणि 'एच' मागोमाग येतात, आणि 'एन' उलटा धरला की 'यू'. सेरिफही पाटासारखे बसलेले नसतात. पेन टेकताना आणि उचलताना राहिलेला तो झटका असतो. कल 12 वरून 7 अंशांवर आणला, तरी अक्षरं आधीपेक्षा जास्त धावती दिसू लागली.

ही चाल मुळात इटलीतल्या झरझर लिहिणाऱ्या लेखनिकांची. व्हेनिसचा मुद्रक आल्डुस मानुतियुस याने 1501 मध्ये हातात मावणारी पुस्तकं या टाइपात छापली; ठसे फ्रांचेस्को ग्रिफोचे. त्यात लहान अक्षरं तेवढी तिरपी, कॅपिटल सरळ उभी. मी मात्र हौसेने कॅपिटलना लांबलचक शेपट्या दिल्या. एक अख्खा शब्द कॅपिटलमध्ये लावून पाहिला तर नुसतं वेलींचं जाळं. मलाच वाचता येईना. आता शेपटीवालं कॅपिटल फक्त शब्दाच्या सुरुवातीला.

सर्वात छळलं 'एफ'ने. वरचा बाक पुढच्या अक्षरावर झुकतो, शेपूट ओळीखाली उतरते. पुढे 'एल' आला की धडक, कंस आला की धडक. 'एफ-आय', 'एफ-एल' अशी जोडाक्षरं काढली, कंसासाठी कर्निंग (दोन अक्षरांमधलं अंतर जोडीजोडीने नीट करणं) करत बसलो. अक्षरं काढायला तीन महिने लागले आणि त्यांच्यातली अंतरं बसवायला सहा. हे आधी कुणी सांगितलं असतं तर कदाचित हातच घातला नसता.

मग छापून पाहिलं. 9 पॉइंटात अख्खा परिच्छेद लावला, तर बारीक रेषा विरून गेल्या. 30 पॉइंटात तीच अक्षरं देखणी. अर्पणपत्रिका, छोटी कविता, निमंत्रणपत्रिका, प्रमाणपत्रावरचं नाव इथे हा टाइप खुलतो. पानभर गद्य, तळटीपा आणि फॉर्म यांच्या वाटेला त्याने जाऊ नये, असं माझं मत. शिवाय ओळींत अंतर जरा सैल ठेवावं लागतं, नाहीतर वरच्या ओळीची शेपटी खालच्या ओळीत घुसते.

सध्या आकडे काढतोय. बाकीचे मार्गी लागले. 8 मात्र अजून अडलाय.