लॅक्सटनची शिवारफेरी

अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत संसदेच्या कायद्यांनी इंग्लंडमधील कितीतरी गावांच्या खुल्या शिवारांभोवती कुंपणे पडली; नॉटिंगहॅमशायरमधील लॅक्सटन हे छोटे खेडे मात्र त्यातून वाचले. वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड ही त्याची तीन शिवारे आजही विनाकुंपण आहेत. शेतकऱ्यांच्या पट्ट्या त्यांत विखुरलेल्या असून एका शिवारात गहू, दुसऱ्यात वसंतातले पीक आणि तिसरे पडीक, अशी फेरपालट चालते. १६३५ च्या नकाशात या पट्ट्या एकेक करून रेखाटलेल्या आहेत.

नॉटिंगहॅमला मुलीकडे राहायला गेलो असताना नोव्हेंबरअखेर तेथील पंचांची फेरी पाहायला मिळाली. गावातील शेतकऱ्यांतूनच नेमलेले हे पंच दरवर्षी नव्याने पेरलेल्या गव्हाच्या शिवारात हिंडतात आणि कोणाचा नांगर रस्त्यावर किंवा सामाईक गवताच्या पट्टीवर चढला आहे का, हे तपासतात. तेथील लाल चिकण मातीही पायांना आपल्या काळ्या रानासारखीच धरून ठेवते. एका ठिकाणी नांगराचे तास गवतात शिरलेले दिसताच एक वयस्क पंच ओणवे झाले, त्यांनी जुन्या खुंटीची जागा हाताने चाचपली आणि तेथेच नवी खुंटी ठोकवून घेतली. पुढच्या आठवड्यात डव्हकोट इन या खानावळीत ‘कोर्ट लीट’ ही गावाची जुनी न्यायसभा भरते आणि हद्द मोडणाऱ्याला दंड होतो. १९७७ च्या कायद्याने अशा बहुतेक जुन्या न्यायसभांचे अधिकार काढून घेतले, पण लॅक्सटनचे राखले. गावाची मालकी १९५२ मध्ये कृषी मंत्रालयाकडे, १९८१ मध्ये क्राउन इस्टेट या राजमालमत्ता सांभाळणाऱ्या संस्थेकडे आणि २०२० मध्ये थॉर्सबी इस्टेटकडे गेली. फेरी चालूच राहिली.

आमच्या औसा तालुक्यात धुरा म्हणजे शेताचा बांध कोरण्यावरून सख्ख्या भावांचे बोलणे तुटते. पाणंद दोन्ही बाजूंनी इतकी खाल्ली जाते की सोयाबीनच्या राशीला गाडी नेता येत नाही. मग मोजणीचा अर्ज, तहसील, कोर्ट आणि तारखा यांत एक पिढी सरते. लॅक्सटनमध्ये हातभर अतिक्रमण त्याच वर्षी उघड होते आणि ते दाखवणाऱ्या पंचाचीही पट्टी त्याच शिवारात असते, म्हणून प्रकरण दंडावर भागते, असे मला ठामपणे वाटते. निदान पाणंदी आणि शिवरस्त्यांपुरती अशी फेरी मराठवाड्यातील ग्रामसभांनी सुरू करावी. त्यासाठी मे महिना योग्य आहे, कारण रान मोकळे असते, धुरे उघडे दिसतात आणि पेरणीला अवकाश असतो.