मियावात्लान ते सान होसे देल पासिफिको, नुसता चढ!

आज मेक्सिकोतल्या वाहाकामध्ये हायवे 175 वर दिवसभर पायडल मारतोय, मियावात्लान साधारण 1600 मीटरवर आणि सान होसे 2400 च्या आसपास, म्हणजे दम खायला सपाट रस्ता जवळपास नाहीच. खाली आगावेची शेतं (मेस्काल दारू ह्याचीच बनते), मग हळूहळू पाईन सुरू होतात आणि हवा एकदम गार.

दुपारी रस्त्याकडेच्या टपरीवर थांबलो. मावशी चुन्याच्या पाण्यात शिजवून वाटलेल्या मक्याचे गोळे हाताने थापून मातीच्या तव्यावर टाकत होत्या, टॉर्टिया (मक्याची पातळ भाकरी) टम्म फुगली की बोटांनीच उलटवायची, सोबत काळे बीन्स, चीज आणि वर लाल अंबाडीच्या बोंडांचं गार सरबत, अहाहा! निघताना त्यांनी न सांगता माझ्या बाटल्या भरून दिल्या आणि पुढची वळणं जपून घे म्हणून हातवारे करून सांगितलं, अनोळखी माणसाची एवढी काळजी, खरंच भरून आलं.

ट्रकवाले पण भारी, चढावर शांतपणे मागे राहतात, जागा मिळाली की हात दाखवून पुढे. उद्या पोचुत्लाकडे लांबच लांब उतार, ब्रेकपॅड आत्ताच बदललेत. कोणी गेलं असेल तर सांगा ना, कांदेलारियाच्या पुढे रस्ता कसाय?