काजूच्या युनिटमधलं पहिलं ऑडिट

बेळगाव-खानापूर पट्ट्यात काजूची लहान-मोठी युनिटं बरीच आहेत. त्यांतल्या कित्येकांत क्वालिटी म्हणजे मालकाची नजर आणि मालकाचे दात. गर दाताखाली धरून 'अजून ओला हाय' म्हणणारे आमचे मालक ओलावा मोजायच्या मीटरपेक्षा फारसे चुकत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. पण एका मोठ्या खरेदीदारानं आयएसओ 22000 या अन्नसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या सर्टिफिकेटशिवाय माल उचलणार नाही म्हणून कळवलं, आणि खरेदीदाराला दात दाखवून चालत नाही. फूड टेक्नॉलॉजी शिकलेली मुलगी म्हणून मला घेतलं ते त्यासाठीच.

कच्च्या मालाची तपासणी मला सगळ्यात आवडली. लॉटमधल्या निरनिराळ्या पोत्यांतून थोडाथोडा माल काढून एकत्र करायचा, त्यातला एक किलो घ्यायचा, बिया मोजायच्या आणि सगळ्या फोडायच्या. चांगला गर आतल्या पातळ सालीसकट वजन करायचा, डागी गराचं वजन निम्मं धरायचं. समजा 272 ग्रॅम भरलं, तर 80 किलोच्या पोत्यामागे 48 पौंड उतारा, म्हणजे तेवढा गर निघणार. हा धंदा अजून पौंडातच बोलतो. डब्ल्यू-320 ही प्रत म्हणजे पौंडात 300 ते 320 अख्खे गर. उताऱ्यावर भाव ठरतो, त्यामुळे इथं कुणाला शिस्त शिकवावी लागत नाही, व्यापारी स्वतः शेजारी उभा राहून काट्याकडे बघत असतो.

शिस्त लागते ती पुढे, जिथं तिचा पैसा लगेच दिसत नाही. ओलीचंच घ्या. बोरम्यात, म्हणजे गर वाळवायच्या गरम हवेच्या खोलीत, 70 अंशांच्या आसपास गर वाळला की तो इतका कडक होतो की ती पातळ साल सोलताना तुटतो. म्हणून सोलायच्या आधी त्याला जरा दमट हवा द्यावी लागते. काही ठिकाणी त्यासाठी वेगळी खोली असते. आमच्याकडे जांबोटी-कणकुंबीच्या घाटाकडून पाऊस चढला की खिडकी उघडली, झालं. पण तोच पाऊस पॅकिंगच्या मुळावर येतो. पॅक करताना ओल 5 टक्क्यांच्या आत हवी, आणि सोललेला गर हवेतली ओल ओढत राहतो. सोलणीनंतर पुन्हा वाळवा म्हटलं की मालकांचा चेहरा पडायचा, कारण एक टक्का ओल गेली की टनामागे दहा किलो वजन जातं. त्यांचं गणित खोटं नव्हतं. शेवटी पॅकिंगची खोली बंदिस्त करून तिथं हवेतली ओल ओढणारं मशीन बसवलं. आता पाऊच सील करायच्या आधी मीटरवरचा आकडा लिहिल्याशिवाय नायट्रोजन सोडत नाही.

मेटल डिटेक्टर, हात धुणं, उंदरांचे सापळे यांत सांगण्यासारखं काही नाही. ते करावंच लागतं. बांगड्यांचं मात्र अवघड होतं. सोलणीला आणि ग्रेडिंगला सगळ्या आसपासच्या गावांतल्या बायका, आणि नव्या लग्नाच्या मुलीच्या हातात हिरवा चुडा. फुटलेली काच सोललेल्या गरात गेली तर डिटेक्टरला कळत नाही. सर्टिफिकेटसाठी नेमलेल्या कन्सल्टंटनं सरळ 'दागिने बंद' असा बोर्ड लावायला सांगितलं होतं. मी तो लावला नाही. मंगळसूत्र बंद गळ्याच्या ॲप्रनच्या आत चालेल, असं आमच्या नियमात लिहिलं. आयएसओ 22000 च्या जोडीचे स्वच्छतेचे नियम रूढींचा विचार करायला वाव देतात. काचेचा चुडा असेल तोवर त्या मुलीला कच्च्या बियांच्या वाळवणावर काम द्यायचं ठरलं. तिथं मजुरी कमी पडते, तो फरक मालकांनी भरून द्यायचा. यावर ओलीपेक्षा जास्त वेळ वाद झाला, पण झालं.

खरा घोळ मालाचा माग काढण्यात होता. ऑडिटर गोदामातला कुठलाही कार्टन उचलतो आणि विचारतो, हा कुठल्या पोत्यांतला? ऑडिटच्या आधी आम्ही घरच्या घरी हा खेळ करून बघितला. कार्टनवरून पॅकिंग, तिथून ग्रेडिंगपर्यंत मागे गेलो आणि सोलणीपाशी धागा तुटला. कन्सल्टंटनं दिलेला छापील फॉर्म तर सुंदर भरलेला होता, एकाच पेनानं, एकाच बैठकीत. सोलणीच्या हॉलमध्ये दोन लॉटचे ट्रे एकाच वेळी असतात, आणि कुठला कुणी सोलला हे त्या फॉर्मला ठाऊक नव्हतं.

सोलणी सांभाळणाऱ्या आक्का बाजूला उभ्या होत्या. म्हणाल्या, "मॅडम, ते कागद ऱ्हाऊ दे. माझी वही बगा की."

ती मजुरीची वही. सोलणीची मजुरी किलोवर, त्यामुळे कुणी, कधी, कुठला ट्रे नेला आणि किती गर परत दिला, हे ग्रॅमपर्यंत त्यात होतं. चूक झाली तर शनिवारी पगाराला बायका आक्कांना सोडत नाहीत. इतकी पक्की नोंद सबंध युनिटमध्ये दुसरी नव्हती. आम्ही छापील फॉर्म बंद केला, आक्कांच्या वहीत लॉट नंबरचा एक रकाना वाढवला आणि तीच वही अधिकृत रेकॉर्ड म्हणून नोंदवली. या क्षेत्रात येणाऱ्यांना मी हेच सांगते: नवं रजिस्टर छापायच्या आधी, लोक कुठली वही आपणहून नीट ठेवतात ते शोधा.

ऑडिटरनं आधी कागद तपासले, मग दुसऱ्या टप्प्यात युनिट बघितलं. कार्टन उचलला, वही मागितली. वही मराठीत, कानडीत आणि थोडी आक्कांच्या स्वतःच्या खुणांत. आक्कांनीच वाचून दाखवली, मी मधे पडले नाही. त्रुटी निघाल्या त्या भलतीकडेच: बोरम्याच्या थर्मामीटरचं कॅलिब्रेशन जुनं झालेलं आणि सापळ्यांचा नकाशा बदललेल्या जागांशी जुळत नव्हता. मुदतीत दुरुस्ती करून पुरावे पाठवले आणि सर्टिफिकेट आलं. ते तीन वर्षांचं, पण दरवर्षी तपासणी असतेच.

पुढची तपासणी मी जुलैत मागून घेतली आहे. पॅकिंगची खोली किती बंदिस्त आहे ते एप्रिलमध्ये कळत नाही. मालक त्यावरून अजून कुरकुरतात.