डावी बाजू वेगळी

माझ्या कॉर्सेट शिवायच्या वर्गात एका वेळी चारच जणी घेते. कॉर्सेट म्हणजे कमरेला घट्ट बसणारा, पाठीवर नाडीनं आवळायचा कपडा. इंग्लंडात, लेस्टरशायरमधल्या मार्केट हार्बरोच्या बाहेर, शेताकडेचा जुना गोठा दुरुस्त करून मी शिवणाची जागा केली आहे. दहा जणीही मावतील. पण नमुना अंगावर चढवून, नाडी आवळून, टाचण्या लावायला एकेकीला अर्धा तास सहज लागतो. कॉर्सेट या गावाला नवा नाही. सिमिंग्टनचा कारखाना इथलाच, त्यांची लिबर्टी बॉडिस ही मुलांची मऊ बंडी १९०८ सालची. आज त्या इमारतीत म्युझियम आहे.

त्या शनिवारी साठी ओलांडलेल्या एक बाई आल्या होत्या. कमी बोलणाऱ्या, हात अतिशय साफ. दुपारी त्यांचा मांजरपाटाचा कच्चा नमुना अंगावर चढवला आणि नाडी ओढली. पाठीवरची फट वरपासून खालपर्यंत सारखी, साधारण दोन इंच यायला हवी. ती वर तीन बोटं आणि खाली जेमतेम एक आली. पुढची पोलादी पट्टीही बेंबीवरून डावीकडे सरकली होती.

मी म्हटलं, शिवण सरकली असणार. बारा तुकडे, दहा शिवणी. प्रत्येक शिवणीत दोन्ही कडांची माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेलं कापड, एकेक मिलिमीटर चुकली तरी कंबर दोन सेंटिमीटरनं बदलते. हे मी दर वर्गात सांगते. त्यांना डावी बाजू उसवायला लावली. त्यांनी मुकाट्यानं उसवली, पुन्हा शिवली. फट तशीच. मी पुन्हा उसवायला सांगितलं.

दुसऱ्यांदा दोरे काढताना मी जवळ बसून मोजपट्टी लावली. माया सगळीकडे अगदी सारखी होती. मग कमरेला एक सुती नाडी बांधली. नाडी बांधली की ती आपणहून कमरेच्या खोलगट जागी बसते. त्यांची नाडी तिरकी बसली. डावीकडे काखेपासून कमरेपर्यंतचं अंतर उजव्यापेक्षा दीड सेंटिमीटरनं कमी भरलं. मी सकाळी फक्त उजवीकडचं माप घेऊन दोन्ही बाजू त्यावरूनच कापून दिल्या होत्या.

"कणा लहानपणापासून वळलेला आहे," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांना विचारूनच आलेय. शाळेत असताना मला ब्रेस घालायचे. तो मला सरळ करायला होता."

मला अतिशय वाईट वाटलं. मी त्यांची माफी मागितली.

आई मिरजेला ब्लाउज शिवायची. कष्टाच्या बायकांचा एक खांदा उतरलेला असतो, म्हणून ती दोन्ही खांद्यांना वेगवेगळी टेप लावायची. मी ते रोज पाहिलं होतं आणि इथे विसरले.

आम्ही डाव्या बाजूचे सहाही तुकडे नव्यानं आखले. प्रत्येकावर पेन्सिलीनं 'डावा' लिहिलं, कमरेची खूण दीड सेंटिमीटर वर घेतली, कटीपाशी थोडं सैल सोडलं. बाकीच्या तिघींनी आपलं काम ठेवून कापायला हात लावला. अंधार पडायच्या सुमारास पुन्हा नाडी ओढली. फट सरळ आली, पट्टी मधोमध बसली. आरशासमोर त्यांनी डाव्या कुशीवरून दोन-तीनदा हात फिरवला आणि विचारलं, "हे अजून पाच मिनिटं घालून ठेवू?"

माझ्या मापाच्या कागदावर आता दोन रकाने आहेत.