सेलिंगची मासिकं नक्की कोणासाठी?

आज दिवसभर सेलिंगच्या, म्हणजे शिडाच्या बोटींच्या, मासिकांचा गठ्ठा चाळत बसलो, नवे अंक पण आणि जुने पण, आणि खरं सांगू का, नव्यांतली बरीच पानं आपल्यासाठी, म्हणजे जुनी बोट स्वतःच दुरुस्त करणाऱ्यांसाठी, नाहीतच. पन्नास फुटी नवीकोरी यॉट, तिचा सोफा, तिचा फ्रीज, आणि रिव्ह्यू वाचले की वाटतं जगात वाईट बोट कोणी बांधतच नाही! (समोरच्या पानावर त्याच कंपनीची जाहिरात असते म्हणा.)

आपले प्रश्न वेगळे असतात हो. चेनप्लेटपाशी (डोलकाठीचे ताण जिथे बोटीला जोडतात ती धातूची पट्टी) पाणी झिरपतंय तर डेकच्या आतला बाल्सा, म्हणजे हलकं लाकूड, कुजलाय का हे कसं बघायचं, इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपातला रबरी इम्पेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) तुटला की त्याचे तुकडे पुढे हीट एक्स्चेंजरमध्ये, म्हणजे इंजिनाची उष्णता काढून घेणाऱ्या भागात, जाऊन अडकतात ते काढायचे कसे, असलं. १९६७ ला 'प्रॅक्टिकल बोट ओनर' निघालं ते अशाच लोकांसाठी, १९९८ चं 'गुड ओल्ड बोट' तर नावातच जुनी बोट घेऊन आलं. 'प्रॅक्टिकल सेलर' जाहिराती घेतच नाही, म्हणून अमका अँटिफाउलिंग रंग (बोटीच्या तळाला शेवाळ-शिंपले चिकटू नयेत म्हणून लावतात तो) टिकत नाही हे ते बिनधास्त छापू शकतात.

यूट्यूबवर सगळं फुकट मिळतं म्हणतात, मिळतं की, पण कोणी अ‍ॅक्रिलिकच्या खिडकीला पॉलिसल्फाइड सीलंट (फटी बुजवायचा एक चिकट लेप) फासत असेल तर बाबा रे, ते प्लास्टिक खराब करतं, हे त्याला सांगणारा संपादक कुठाय?

चकचकीत अंकांची वर्गणी यंदा बंद. दुरुस्तीवाले चालू ठेवतोय, थोडे महाग पडले तरी.